मनिलात ९६, टोकियोत ‘मागे’

पत्र

नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे. मिस्टरांच्या नोकरीमुळे चार वर्षं मनिलात, मकातीला होतो. मुलगी तिथे खासगी इंग्रजी शाळेत तिसरीपर्यंत शिकली. गणितात कायम पहिल्या तिघांत, शेवटच्या प्रगतिपुस्तकात ९६. एप्रिलपासून टोकियोत निशी-कासाईला आहोत आणि तिला इथल्या सरकारी शाळेत चौथीत घातलंय. आता गणितात पन्नास-पंचावन्न मिळतात. ‘इथे एकाच गणितावर अख्खा तास जातो आणि मला काही बोलताच येत नाही,’ म्हणते. मिस्टरांनी आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे आकडे वाचले आणि म्हणाले, फिलिपिन्समधली वर्षं फुकट गेली. शेजारीण म्हणते, लगेच जुकूला म्हणजे शिकवणीला घाला. सासरे रोज व्हिडिओ कॉलवर तिसापर्यंतचे पाढे म्हणून घेतात. जपानी मुलं मुळातच गणितात हुशार असतात का? आमची खरंच मागे पडलीय का? पेपरचा फोटो जोडतेय.
— एक आई

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्र नंतर वाचलं, पेपरचा फोटो आधी पाहिला. गणित शिकवलेल्या माणसाची ही खोड जात नाही. आणि पेपर पाहून माझं मत झालं की मुलगी गणितात मागे नाही. आकडेमोडीचा वरचा भाग बघा. तीन अंकी बेरजा-वजाबाक्या, दोन अंकी गुणाकार, भागाकार, सगळ्यांवर लाल गोल आहेत. जपानात गोल म्हणजे बरोबर आणि आपली बरोबरची खूण म्हणजे चूक. मनिलाच्या शाळेत आपल्यासारखीच खूण चालते, तेव्हा पहिला पेपर हातात पडल्यावर तिला काय वाटलं असेल, एकदा विचारा. गुण गेलेत ते खालच्या शाब्दिक उदाहरणांत. दोन तर कोरीच सोडलीत. आणि एक असं आहे की ते पाहून मला हसू आलं आणि थोडा रागही.

उदाहरण असं: ३६ मुलं आहेत, प्रत्येकाला २४ रंगीत कागद द्यायचे, तर एकूण किती कागद लागतील? तिने ३६×२४ मांडलं आणि ८६४ काढलं. उत्तराला गोल मिळाला, मांडणी चूक ठरली. जपानी प्राथमिक शाळांत मांडणीचे गुण वेगळे आणि उत्तराचे वेगळे देतात. तिथल्या पाठ्यपुस्तकांचा शिरस्ता असा की आधी ‘एकाला किती’ लिहायचं आणि मग ‘किती जणांना’. म्हणजे २४×३६. तुमची मुलगी शिकली ते इंग्रजी पुस्तकांच्या वळणाचं: इतके गट, प्रत्येकात इतके. म्हणून तिने ३६ आधी लिहिले. क्रम बदलला तरी गुणाकार बदलत नाही, हे जपानी मुलंही दुसरीतच शिकतात. त्यामुळे या क्रमावरून खुद्द जपानात पालक, शिक्षक आणि गणितज्ञ यांच्यात वर्षानुवर्षं जुंपलेली आहे. काही शिक्षक क्रमाचा आग्रह धरतात, काही सोडून देतात. माझं विचाराल तर पोराने समजून उत्तर काढलं असेल तर त्यावर गुण कापणं हा निव्वळ हट्ट आहे. पण तिथल्या शाळेत रोज जायचंय ते तिला. तिला एवढंच सांगा की तुझं उत्तर बरोबर आहे, या शाळेत मात्र ‘एकाला किती’ आधी लिहितात. त्यावर घरात चर्चासत्र नको.

आता मिस्टरांचे आकडे. ते खोटे नाहीत. २०१९ सालच्या टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चौथीच्या गणितात ५८ देशांमध्ये फिलिपिन्स सगळ्यात खाली होता, २९७ गुणांवर. जपानचे होते ५९३. २०२२ च्या पिसा चाचणीत, जी पंधरा वर्षांच्या मुलांची असते, जपानला ५३६ आणि फिलिपिन्सला ३५५. किमान पातळी गाठणारी मुलं जपानात शंभरातली ८८, फिलिपिन्समध्ये १६. दरी मोठी आहे, तिला गोंडस नाव देण्यात अर्थ नाही.

पण या सरासरीत कोण कोण आहे ते मिस्टरांना विचारा. त्यात मिंदानाओच्या डोंगरातलं मूल आहे, वादळाने छप्पर उडालेल्या सामारच्या शाळेतलं आहे, आणि मनिलातल्याच त्या सरकारी शाळेतलं आहे जिथे वर्ग पुरत नाहीत म्हणून सकाळी एक तुकडी आणि दुपारी दुसरी भरते. मकातीतल्या खासगी इंग्रजी शाळेतल्या मुलीला या सरासरीच्या फूटपट्टीने मोजायचं काही कारण नाही. तिची वर्षं फुकट गेली असती तर वरच्या भागात इतके गोल दिसले नसते.

फिलिपिन्सची सरासरी इतकी खाली का, याचा मुलांच्या बुद्धीशी काडीचाही संबंध नाही. मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते भाषेचं. १९७४ पासून तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचं असं धोरण आहे. २०१२ पासून तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायची योजना आली. १९ भाषा निवडल्या, पण पुस्तकं आणि तयार शिक्षक सगळीकडे पोचलेच नाहीत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कायदा करून मातृभाषेची सक्ती काढून टाकली. म्हणजे सेबूच्या गावातलं मूल घरी सेबुआनो बोलतं, टीव्हीवर टॅगालॉग ऐकतं आणि चौथीत भागाकाराचं शाब्दिक उदाहरण इंग्रजीत वाचतं. भागाकार त्याला येत असतो. वाक्य कळत नसतं. तुमच्या मुलीचं आज टोकियोत जे झालंय, ते फिलिपिन्समधल्या लाखो मुलांचं त्यांच्याच देशात होतं. तिची दोन कोरी उत्तरं पाहिली की मला ती सगळी मुलं आठवतात.

आकड्यांची तिथली गंमत तर तुम्हीही पाहिली असेल. टॅगालॉग बोलणारं मूल आंबे मोजताना इसा, दलावा, तत्लो म्हणतं. किंमत सांगताना आणि वेळ सांगताना स्पॅनिश वळणाचे आकडे येतात, वीसला बेन्ते, पन्नासला सिंग्क्वेंता. आणि वर्गात वन, टू, थ्री. जीपनीत, म्हणजे तिथल्या लांबट जीपसारख्या प्रवासी गाडीत, मागच्या बाकावरून पन्नासची नोट हातोहात पुढे जाते, तिघांचे प्रत्येकी १३ पेसो, आणि ड्रायव्हर गिअर टाकता टाकता ११ पेसो सुट्टे परत पाठवतो. हा हिशेब करणारा माणूस गणितात कच्चा नाही. त्याला शाळेने जे गणित दिलं ते त्याच्या तोंडच्या भाषेला कधी चिकटलंच नाही.

बाकी कारणं पटापट सांगते. २०१३ च्या कायद्याने दहा वर्षांचं शिक्षण बारा वर्षांचं झालं, त्याच्या आधी बालवाडी जोडली, अभ्यासक्रम नवा आला, पण पुस्तकं आली नाहीत. तिथल्या संसदेच्या शिक्षण आयोगानेच नोंदवलंय की २०१२ नंतरच्या दशकात पहिली ते दहावीसाठी म्हणून फक्त २७ पाठ्यपुस्तकांची खरेदी झाली. मग करोना आला. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्ण वेळ भरायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. त्यात दरवर्षीची वादळं, आणि आता उन्हाळ्यात उकाड्याची सुट्टी. २०२४ पासून ‘मातातग’ नावाचा नवा, हलका केलेला अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतोय. चालू द्या.

आणि ते ९६. तिथल्या शिक्षण खात्याने २०१५ च्या आदेशात गुणांचं एक कोष्टक दिलं होतं. मुलाला प्रत्यक्षात ६० टक्के मिळाले तर प्रगतिपुस्तकात ७५ लिहायचे, ८० मिळाले तर ८७. ७५ ला पास हा तिथला जुना रिवाज, त्याच्याशी जुळवलेलं गणित. खासगी शाळांचे नियम आपापले असले तरी पंच्याहत्तरला तळ मानायची सवय सगळीकडे मुरलेली आहे. टोकियोच्या पेपरवर मात्र जे मिळाले तेच लिहितात. म्हणून ९६ वरून ५५ वर घसरली हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका. त्या दोन आकड्यांची वजाबाकी होत नाही.

तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे, असं मला वाटतं: दोन्हीकडे मुलं गणित शिकतात तरी कशी, आणि हुशार मुलगी एका देशातून दुसऱ्या देशात गेल्यावर गप्प का होते?

मनिलाच्या वर्गात तास सुरू होतो तो फ्लॅश कार्डांनी. बाई कार्ड दाखवतात, मुलं एका सुरात उत्तर देतात. जो आधी उत्तर देईल तो जिंकला. मग बाई फळ्यावर एक उदाहरण करून दाखवतात, इंग्रजीत, अडलं तिथे टॅगालॉगमध्ये. ‘समजलं का?’ विचारलं की ‘येस, मॅम’ असा कोरस. मग तसलीच पाच-सात उदाहरणं वहीत. हुशार मुलांना क्विझ बी म्हणजे प्रश्नमंजुषा, आणि तिथल्या गणित शिक्षक संघटनेची, एमटॅपची, स्पर्धा. त्यासाठी शनिवारचे जादा वर्ग. चटकन उत्तर देणं हा तिथे मानाचा गुण आहे. तुमच्या मुलीकडे तो भरपूर होता. आपल्या शाळांपेक्षा हे फार वेगळं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

जपानच्या चौथीत क्षेत्रफळाचा धडा असतो. चौरस, आयत झाले की एक आकृती येते, इंग्रजी एल अक्षरासारखी. समजा मोठा आयत १० सेंटिमीटर रुंद आणि ८ उंच, आणि त्याचा वरचा उजवा कोपरा, ६ रुंद आणि ३ उंच, कापून टाकलाय. उरलेल्याचं क्षेत्रफळ किती? फळ्यावर एवढं एकच गणित. प्राथमिकचा तास असतो ४५ मिनिटांचा. शिक्षक सूत्र सांगत नाहीत. मुलं आपापल्या वहीत झटू लागतात आणि शिक्षक बाकांमधून फिरतात. बघणाऱ्याला वाटेल, नुसतेच फिरतायत. पण त्यांच्या हातात वर्गाची यादी असते आणि कोणी काय केलं ते ते टिपत असतात. कोणाला फळ्यावर आधी बोलवायचं, कोणाला नंतर, हे तिथे ठरतं.

मग एक मुलगा येतो. त्याने आकृती उभी कापली: ४×८ आणि ६×५, म्हणजे ३२ आणि ३०, एकूण ६२. दुसरी येते, तिने आडवी कापली: १०×५ आणि ४×३, पन्नास आणि बारा. तिसरा म्हणतो, मी कापलंच नाही, अख्खा आयत धरला, ८० मधून १८ वजा केले. तिघांचंही उत्तर ६२. इथे आपला तास संपला असता. त्यांचा इथे सुरू होतो. कोणीतरी म्हणतं, वरचा तुकडा कापून बाजूला चिकटवला तर एकच लांब आयत होईल की. शिक्षक लगेच ‘नाही’ म्हणत नाहीत. करून बघू या, म्हणतात. वरचा तुकडा ४ बाय ३ चा, खालच्या पट्टीची उंची ५. आडवा ठेवा, उभा ठेवा, जुळत नाही. का जुळत नाही? कुठली मापं असती तर जुळला असता? या चुकलेल्या कल्पनेवर चांगली दहा मिनिटं जातात आणि ज्याने ती मांडली त्याला कोणी हसत नाही. शेवटी तीन रीतींमध्ये सारखं काय, तर अनोळखी आकृती ओळखीच्या आयतांमध्ये आणणं, हे मुलांच्याच तोंडून काढून फळ्यावर लिहितात. तासभर फळा पुसलेला नसतो. डावीकडून उजवीकडे अख्खा तास वाचता येतो.

तुमची मुलगी ‘एकाच गणितावर अख्खा तास जातो’ म्हणते ते हे. तिला ६२ पहिल्या दोन मिनिटांत येत असणार. आणि मग उरलेला वेळ ती बसून राहते, कारण आता खेळ उत्तराचा नसतो, सांगण्याचा असतो, आणि तोही जपानीत. जिथे ती पहिल्या तिघांत होती तो खेळ इथे पाच मिनिटांत संपतो. तिला ‘मला बोलताच येत नाही’ असं म्हणावंसं वाटतं, यापेक्षा नेमकं निदान मी काय करणार? मुलीने ते आधीच केलंय.

जपानी मुलं मुळातच हुशार असतात हा समज सोडून द्या. हुशारी कुठे असेल तर ती शिक्षक त्या एका गणिताची तयारी कशी करतात त्यात आहे. तिथे मेइजी काळापासूनची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, एक रीत आहे: शाळेतले काही शिक्षक मिळून एक धडा बांधतात, त्यातला एक जण तो वर्गात शिकवतो, बाकीचे शिक्षक मागे उभे राहून मुलांच्या वह्यांकडे बघतात, आणि शाळा सुटल्यावर सगळे बसून बोलतात. बोलायचं ते शिक्षक कसा होता यावर नाही. अमुक मुलाने अमुक आकडा का लिहिला यावर. कोणता प्रश्न विचारायचा, त्यातले आकडे कोणते घ्यायचे, फळ्याचा कोणता भाग कशासाठी, यावर वाद घालतात. वरच्या आकृतीत ५ आणि ३ हे आकडे न जुळणारे निवडणं, हे असल्या बैठकीतलं काम. पाठ्यपुस्तकं पातळ असतात, सरकारने तपासलेली आणि सक्तीच्या नऊ वर्षांत फुकट. १९९५ च्या टिम्स चाचणीबरोबर जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या तासांचं चित्रीकरण झालं, तेव्हा बाहेरच्या जगाने हे नीट पाहिलं.

फिलिपिन्सला हे ठाऊक नाही असंही नाही. १९९४ ते १९९९ या काळात जपानच्या जायका संस्थेच्या मदतीने तिथे गणित-विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा मोठा प्रकल्प झाला, आणि केसोन सिटीतल्या फिलिपिन्स विद्यापीठाची निस्मेड ही संस्था शिक्षकांबरोबर याच रीतीने धडे बांधत आली आहे. पण पन्नास मुलांचा वर्ग, दुपारी दुसरी तुकडी दारात उभी, आणि निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंतची कामं शिक्षकांच्या गळ्यात. अशा दिवसात एका गणितावर तासभर घालवायची चैन कुठून आणायची? आपल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

जपानचं सगळं गोडच आहे असं समजू नका. चाचणीत वर असलेल्या या देशातली मुलं गणित आवडतं का विचारलं की जगाच्या सरासरीपेक्षा कमी हात वर करतात, आणि गणिताची धास्ती तिथेही जबर आहे. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत माध्यमिक शाळांतले जपानी शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करताना आढळले, त्यातले प्रत्यक्ष शिकवण्याचे जेमतेम १८. मुलांवरचा ताण कमी करायचा म्हणून २००२ मध्ये त्यांनी अभ्यासक्रम जवळजवळ तीस टक्क्यांनी कापला, क्रमवारीत घसरल्यावर ओरड झाली आणि २०११ पासून पुन्हा भरला. शिवाय शाळेत तासभर विचार करणारी हीच मुलं संध्याकाळी जुकूत जाऊन घड्याळ लावून गणितं सोडवतात. हे शेजारणीने सांगितलं नसेल.

तर जुकू. माझं उत्तर सध्या नाही असं आहे. टोकियोत चौथी हे वय खासगी माध्यमिक शाळांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी सुरू करायचं. तिथे बगळे-कासवांची गणितं असतात. आपल्याकडे जशी कोंबड्या आणि गाईंची असतात तशीच: डोकी ८, पाय २२, तर कासवं किती? बीजगणित वापरायचं नाही. सगळे बगळे समजा, पाय १६ झाले, उरले ६, म्हणजे ३ कासवं. तुमच्या मुलीला हे इंग्रजीत किंवा मराठीत दिलंत तर ती आनंदाने करेल. पण जुकूत ते भरभर जपानीत येणार, आणि शाळेत जे कोरं राहतं ते तिथे दुप्पट कोरं राहणार. वर फी. कुमोनचाही विचार करत असाल तर तोही थांबवा. ती पद्धत १९५४ मध्ये ओसाकाजवळच्या एका गणित शिक्षकाने आपल्या मुलासाठी केलेल्या आकडेमोडीच्या कागदांतून निघाली, आणि आकडेमोड पक्की करायला ती चांगलीच आहे. पण तुमच्या मुलीची आकडेमोड पक्की आहे. पैसे घालायचेच असतील तर जपानीच्या शिकवणीवर घाला, आणि शाळेत परदेशी मुलांसाठी जपानीचा वेगळा वर्ग आहे का, हे आधी विचारा.

घरी करायचं ते थोडंसंच. तिच्या पाठ्यपुस्तकातली शाब्दिक उदाहरणं घ्या आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द एका वहीत लिहून काढा: अवासेते म्हणजे सगळे मिळून, नोकोरी म्हणजे उरलेले, चिगाई म्हणजे फरक, बाई म्हणजे पट, आणि झुत्सु, म्हणजे प्रत्येकी. हा झुत्सु कळला की गुणाकार-भागाकाराची निम्मी उदाहरणं उघडतात. मात्र शब्द दिसला की क्रिया ठोकून द्यायची, ही सवय लागू देऊ नका. तिथले शिक्षक मुद्दाम फसवी उदाहरणं घालतात. प्रत्येक उदाहरणाला आधी पट्टी काढायची. लांब पट्टी म्हणजे एकूण, तिचे तुकडे म्हणजे वाटे, आणि जे माहीत नाही तिथे रिकामी चौकट. जपानी पुस्तकांत पानोपानी अशा पट्ट्या असतात. पट्टी बरोबर आली की मांडणी आपोआप बरोबर येते, त्या क्रमाच्या भानगडीसकट.

आणि जेवताना ‘किती आलं?’ विचारू नका, ‘कसं काढलंस?’ विचारा. मराठीत सांगू दे, इंग्रजीत सांगू दे, मध्येच टॅगालॉग आलं तरी हरकत नाही. सांगून झालं की त्यातलं एकच वाक्य जपानीत करायचं, आणि ते दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करून बोलायचं. ‘मी वेगळ्या रीतीने केलं’ एवढं एक वाक्य जरी तिला आलं, तरी त्या वर्गात तिला फळ्यापाशी बोलावतील. बाकीचं ती खडूने दाखवेल.

आजोबांचं काय करायचं? त्यांना दुखवू नका, पण तिसापर्यंत नेऊही नका. जपानी मुलं दुसरीत नवापर्यंतचेच पाढे करतात, तालावर, अगदी आपल्या ‘बे दुणे चार’सारखे म्हणून, आणि तिथे थांबतात, मनिलात ते दुसरी-तिसरीत वाटलेले असतात. आजोबांनी बारापर्यंत घ्यावेत आणि मग तिला बगळे-कासवं घालावीत. एक लक्षात असू द्या, जपानीत एकोणसत्तर म्हणजे सरळ सहा-दहा-नऊ. इंग्रजीतही साठ आणि नऊच. आपल्याकडे मात्र सत्तराला एक कमी. त्यामुळे ती मराठी पाढ्यात अडखळली तर ते गणिताचं अडखळणं नव्हे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आजोबांना आठवत असेल. त्या वादात ते कुठल्या बाजूला होते, हा विषय मात्र व्हिडिओ कॉलवर काढू नका.

शाळेत पालकांना तास बघायला बोलावण्याचा एक दिवस असतो. चुकवू नका, मिस्टरांनाही न्या. मागे उभं राहून मुलीकडे टक लावू नका, फळा बघा, आणि शिक्षक फिरताना कोणाच्या वहीपाशी थांबतात ते बघा. आसपास फिलिपिनो पालक दिसतील, जपानात तीन लाखांहून जास्त फिलिपिनो राहतात. त्यांच्याशी बोला. त्यांच्या मुलांचाही पेपर असाच दिसतो का विचारा. चार वर्षं मनिलात राहिलेल्या बाईला गप्पा सुरू करायला एखादा टॅगालॉग शब्द पुरेल.

नंतर शिक्षकांशी स्वतंत्र भेट असते. ती थोड्याच मिनिटांची असते, तेव्हा दुभाष्या मिळेल का हे आधीच चिठ्ठीत लिहून विचारा. ‘आमची मुलगी मागे आहे का?’ असं विचारलंत तर नम्र आणि गोलमाल उत्तर मिळेल. त्यापेक्षा हा पेपर पुढ्यात ठेवा आणि दोन गोष्टी मागा. कोरी सोडलेली उदाहरणं कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवली तर ती सोडवते का, हे शिक्षकांनी एकदा पाहावं. आणि वर्गात तोंडी सांगता आलं नाही तर तिने आपली रीत आकृतीने फळ्यावर काढून दाखवली तर चालेल का. दुसऱ्या मागणीला सहसा कोणी नाही म्हणणार नाही.